जुन्या मोटारीची वीज



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रकात एरवी संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण असे विषय असतात. त्यांच्या पंगतीला बॅटरी, डायनामो आणि फ्यूज येऊन बसलेले पाहून काही मंडळी बिचकली असतील. पण विषय वाटतो तितका परका नाही. मंगळवेढ्यात आणि भोवतालच्या गावांत आपण थोडे डोळे उघडे ठेवून हिंडलो, तर एखाद्या वाड्याच्या ढेलजेत ताडपत्री घातलेली फियाट दिसते, मळ्यातल्या छपराखाली कडब्याच्या गंजीला टेकून उभी असलेली जीप दिसते, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे अँबॅसडर दिसते. घरधनी ती विकत नाही, कारण ती वडिलांची आहे. आणि चालवीत नाही, कारण ती चालत नाही. का चालत नाही म्हणून विचारले, तर दहातल्या सातांचे उत्तर एकच असते : "वायरिंग गेलंय."

हे दोन शब्द म्हणजे रोगाचे निदान नव्हे. "माणूस आजारी आहे" याहून अधिक काही त्यातून कळत नाही. तरीही एवढ्या दोन शब्दांवर कित्येक चांगल्या गाड्या भंगाराच्या वजनाने गेल्या आहेत. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच, की जुन्या मोटारीतील विजेचा बिघाड बहुधा भागात नसतो, वाटेत असतो. आणि ती वाट तपासायला महागडे यंत्र लागत नाही.

थोडे आपल्या जिल्ह्याविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही. या देशात मोटारीचा कारखाना काढण्याचा ज्यांनी हट्ट धरला, ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन धाटणीच्या आणि मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली वालचंद निवर्तले. पुढे अकराशे डिलाइट आली, आणि तीच गाडी सत्तरीच्या दशकात 'पद्मिनी' या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची थांबली. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने फियाटीचे बॉनेट उघडले, तर तो काही परक्याच्या घरात डोकावत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपण शेतकरी माणसे वीज म्हटले की पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त घेतो. तो अर्ध्या वाटेपर्यंत चालतो, पुढे फसवतो. पाटाचे पाणी रानात मुरले की संपले, विहिरीत परत येण्याची त्याच्यावर सक्ती नाही. विजेचे तसे नाही. तिला वारकऱ्याची चाल आहे. घरून निघायचे, पंढरी गाठायची आणि पुन्हा घरी यायचे. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला करंट दिव्यातून किंवा सेल्फमधून जाऊन दुसऱ्या टोकाला परत आलाच पाहिजे. परतीची वाट तुटली असेल, तर तो घरून निघतच नाही.

मोटारीत जाण्याची वाट तांब्याच्या तारेची असते, ती दिसते. परतीची वाट मात्र स्वतंत्र तारेची नसते. गाडीचा पत्रा, सांगाडा आणि इंजिन हीच परतीची वाट, तिलाच आपले मिस्त्री 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. फियाटीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. ब्रिटिश धाटणीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत मात्र धन टोक. म्हणून बॅटरी बसविण्यापूर्वी आपल्या गाडीची रीत कोणती हे पाहावेच, उलट बसविल्यास कटआउटचे पॉइंट जळू शकतात. गाडी चाळीस-पन्नास वर्षांची झाली की पत्र्याला गंज येतो, मागाहून मारलेला रंग सांध्यांत शिरतो, आपली काळी धूळ आणि पावसाळ्यातली ओल यांचा थर बसतो. तार शाबूत दिसते म्हणून सारे तारेकडे पाहत राहतात. बंद पडलेली असते ती न दिसणारी परतीची वाट.

येथे थोडा हिशेब करू, कारण या हिशेबातच निम्मे शास्त्र आहे. ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेला नियम सांगतो, की करंटला वाटेतील अडथळ्याने गुणले म्हणजे त्या अडथळ्यात किती व्होल्ट खर्ची पडले ते कळते. समजा, बॅटरीच्या एका कळकट सांध्यात ओहमचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ ओहम, एवढाच अडथळा आहे. हेडलाइट लावले, करंट ८ अँपिअर गेला, खर्च ०.४ व्होल्ट. दिवे झकास लागतात. मालक म्हणतो, बॅटरी ठणठणीत आहे. आता सेल्फ मारा. सेल्फची भूक मोठी, तो दीडशे अँपिअर ओढू पाहतो. दीडशे गुणिले ०.०५ म्हणजे साडेसात व्होल्ट त्या एका सांध्याने गिळले! बारातून साडेसात गेले, सेल्फच्या वाट्याला साडेचार उरले. तो 'टक्' म्हणून गप्प बसतो. मालक म्हणतो, दिवे लागतात त्या अर्थी बॅटरी चांगली, तेव्हा सेल्फच गेला. सेल्फ उतरवून सोलापुरास जातो, नवे कार्बन घालून, आर्मेचर घासूनपुसून परत येतो, आणि पुन्हा 'टक्'.

याच प्रकारचा एक नमुना माझ्या पाहण्यातला आहे. भीमेकाठच्या एका गावी एक डिलाइट होती. वर्षभरात दोन बॅटऱ्या आणि सेल्फची एक दुरुस्ती झाली होती. गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, आता एवढंच सांगा, हिला कुणाच्या हवाली करू." मी गाडीजवळ उभा राहिलो, त्यांच्या चिरंजीवांना सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ कण्हल्यासारखा अर्धा फेरा फिरला आणि डॅशबोर्डापाशी रबर करपल्याचा वास आला. चोकच्या तारेला हात लावला तर चटका बसला. चोकची तार ही काही विजेची तार नव्हे. ती कार्ब्युरेटरची झडप ओढायची साधी लोखंडी तार. मग ती तापली कशाने? इंजिन रबरी गुटक्यांवर बसविलेले असते, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने अलग असते. त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याच्या विणीची एक पट्टी असते. ती पट्टी खालच्या अंगाने तुटून लोंबत होती. सेल्फचा सारा करंट परतीची वाट शोधत चोकच्या तारेतून जात होता. नवी पट्टी घातली, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, आणि पहिल्याच दमात इंजिन लागले. एखाद्या वाटसरूला राजरस्ता बंद दिसला की तो कुणाच्या तरी परसातून जाऊ लागतो. विजेचेही तसेच आहे, आणि परसातून जाताना ती आग लावू शकते.

अशी शंका आली तर तिची परीक्षा सोपी आहे. व्होल्ट मोजण्याचे साधे मीटर बाजारात थोडक्या पैशांत मिळते. अर्थ जोडलेल्या बॅटरीच्या टोकावर त्याची एक सुई आणि इंजिनाच्या उघड्या लोखंडावर दुसरी सुई ठेवावी, आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर परतीची वाट नादुरुस्त आहे. मीटर नसेल तर दिवाच मीटर. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे सांधे वाईट आहेत. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ हललाच नाही, तर करंट सेल्फपर्यंत निघालेलाच नाही. स्विच, सॉलेनॉइड किंवा तेथवरची तार पाहावी. कशालाही पाना लावण्यापूर्वी ही दोन मिनिटांची पाहणी करावी, म्हणजे पुष्कळ पैसे वाचतात.

दुसरे आयुध म्हणजे टेस्ट लँप. बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब, त्याला दोन तारा, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा चांगल्या अर्थला लावायचा आणि सुईने बॅटरीपासून निघून एकेक टप्पा तपासत जायचे. बॅटरीपाशी बल्ब लागला, फ्यूजच्या अलीकडे लागला, पलीकडे लागला नाही, म्हणजे चोर फ्यूजमध्ये. मधूनच अंदाजाने हात घालू नये. तलाठी हद्द मोजतो तसे एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जावे. मागचे दिवे विचित्र वागतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात वायरिंगची भुताटकी काही नाही. मागच्या दिव्याची अर्थ गेली आहे, आणि ब्रेकच्या दिव्याचा करंट इंडिकेटरच्या बल्बातून परतीची वाट काढतो आहे. एक स्क्रू घासून घट्ट करा, भूत उतरते.

आता बॅटरी. शिशाच्या पत्र्यांची ही बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली, आणि तिचा मूळ स्वभाव अजून तोच आहे. सहा घरे, प्रत्येकात दोन व्होल्टपेक्षा थोडे अधिक. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहिली तर भरलेल्या बॅटरीत १.२५ ते १.२८ भरते, १.१५ ला ती उतरलेली समजावी. आपल्या भागात चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या पुढे जातो, त्यामुळे तिचे पाणी झपाट्याने उडते. पत्रे उघडे पडले की तो भाग कायमचा निकामी होतो. म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी झाकणे उघडून पाहावे आणि फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कितीही गोड असो, त्यातील क्षार बॅटरीला विष आहेत. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी (सोडा घरांच्या आत जाऊ देऊ नये), टोके घासून घट्ट करावीत आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. काढताना अर्थची तार आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. भरताना बॅटरीतून जो वायू निघतो तो पेट घेणारा असतो, तेव्हा पाणी पाहायला काडी ओढणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

गाडी नुसती उभी राहूनही बॅटरी उतरत असेल, तर सारे स्विच बंद करून, दारे लावून, अर्थची तार काढावी आणि त्या तारेच्या व बॅटरीच्या टोकामध्ये टेस्ट लँप धरावा. तो लागला तर कुठेतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत गेले की ज्या फ्यूजने तो विझेल, त्या वाटेवर चोर.

डायनामोविषयी एक गैरसमज आधी काढतो. नव्या गाडीत आल्टर्नेटर असतो, तो मंद फिरतानाही भरपूर वीज देतो. जुना डायनामो तसा नाही. इंजिन मंद चालू असताना त्याची वीज बॅटरीपेक्षा कमी पडते. त्या वेळी बॅटरीतली वीज उलटी डायनामोत शिरू नये म्हणून 'कटआउट' वाट तोडतो, आणि डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की दिवा विझतो. हा बिघाड नव्हे, हा त्या गाडीचा धर्म आहे. नव्या गाडीवर वाढलेली मुले हा दिवा पाहून घाबरतात आणि कुणीतरी सांगते म्हणून डायनामो काढून टाकतात. वेग वाढवूनही दिवा राहिला, तर मात्र क्रमाने पाहावे. आधी फॅनबेल्ट, मध्यावर अंगठ्याने दाबला तर एक-दीड सेंटिमीटर दबावा, अधिक नको. मग कार्बन झिजले आहेत का. मग ते ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल काळा पडला आहे का. तो बारीक काचकागदाने पुसावा. काळा पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण खाचांत रुतून बसतात. इतके करून मगच रेग्युलेटरकडे संशयाने पाहावे. त्याच्या पेटीतली नाजूक स्प्रिंग पकडीने वाकवून 'चार्जिंग वाढवून' देणारे कारागीर असतात. चार दिवस दिवे झगझगीत लागतात, पाचव्या दिवशी बॅटरी उकळते.

इग्निशनकडे येऊ. बॅटरीच्या बारा व्होल्टांनी पेट्रोल पेटत नाही. प्लगवर ठिणगी उडायला दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठते, ते उघडताच कोसळते आणि त्या कोसळण्यातून उच्च दाबाची ठिणगी निघते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. हाताच्या नखाएवढे हे दोन ठिपके! त्यांच्यावर खड्डे पडतात, फट कमी-अधिक होते, आणि गाडीची तब्येत बिघडते. फट मोजायला फीलर गेज घ्यावा. आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकातला, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या अलीकडचा. पॉइंट फारच जळत असतील तर कंडेन्सर बदलावा.

उन्हाळ्यातली आपल्याकडची नेहमीची तक्रार अशी, की गाडी पंधरा-वीस मैल बरी चालते, मग बंद पडते, आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालते. यावर जुने ड्रायव्हर पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकत. पेट्रोलची नळीत वाफ झाली असेल तर तो उपाय अचूक आहे. पण तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देत असेल तर फडक्याने काय होणार? निवाडा रस्त्यावरच करता येतो. गाडी बंद पडताच, निवण्याच्या आधी, कॉइलकडून येणारी मधली जाड तार डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढावी, कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवावे आणि सेल्फ मारावा. आसपास पेट्रोल सांडलेले नाही एवढी खात्री आधी करावी. निळी, चरचरीत ठिणगी पडली तर वीज निर्दोष, पेट्रोलकडे जा. पिवळी, मेलेली पडली किंवा पडलीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट. गार झाल्यावर केलेली परीक्षा निरुपयोगी, कारण तोवर चोर साळसूद होऊन बसलेला असतो.

शेवटचा विषय आगीचा आहे, आणि तो मी जरा कठोरपणे बोलणार आहे. फियाटीचा फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी, साधारण ८ अँपिअरची. तिच्या टोकांवर ऑक्साइड चढले की फ्यूज न जळताही दिवा जातो. कांडी बोटांनी दोनदा जागच्या जागी फिरवली की पुन्हा लागतो. पण फ्यूज खरोखर जळला, नवा घातला, तोही जळला, तर तिसरा घालू नये. आणि सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद तर मुळीच गुंडाळू नये. फ्यूज जळतो म्हणजे तो आपले काम करतो. त्याला कागद गुंडाळला म्हणजे उद्या फ्यूजऐवजी डॅशबोर्डामागची तार जळणार. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडावा. तो लख्ख लागला तर शॉर्ट अजून आहे. आता त्या वाटेवरची एकेक शाखा सोडवीत जावे. जी सोडताच बल्ब विझला, तिच्यात शॉर्ट. एकही फ्यूज न जाळता दोष सापडतो.

शॉर्टची कारणे आपल्याकडे मुख्यत्वे दोन. एक म्हणजे उंदीर. मंगळवेढे जोंधळ्याचे गाव. जिथे जोंधळ्याची पोती तिथे उंदीर, आणि गाडी बहुधा पोत्यांच्याच शेजारी उभी. जुन्या तारेवरचे रबर आणि सुती वेष्टण वयाने आधीच तडकलेले असते, उरलेले काम ते पुरे करतात. वर्षातून एकदा सतरंजी उचलून आणि बॉनेटखाली बॅटरी लावून तारा निरखाव्यात. दुसरे कारण आपण स्वतः. जुन्या दिव्यांचा उजेड कमी पडतो म्हणून १०० वॅटचे हॅलोजन बसवतात. दोन दिवे म्हणजे २०० वॅट, बारा व्होल्टला सोळाहून अधिक अँपिअर. जुन्या लहान गाडीच्या डायनामोची सारी कमाई सोळा ते बावीस अँपिअरची. ती एकट्या दिव्यांनी खाल्ली, आणि मूळची बारीक तार व स्विच तापून लाल झाले. उजेड हवा असेल तर आधी दिव्याची अर्थ, मागचा आरसा आणि काच स्वच्छ करावी. माझा अनुभव असा, की निम्म्या गाड्यांना तेवढ्यानेच नवी दृष्टी येते. त्याउपर हवे असेल तर जाड तार, वेगळा फ्यूज आणि रिले घालावा, पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा नव्हे.

केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ती नव्हे. पण सत्तरीच्या आरंभीच्या पद्मिनी आणि त्याआधीच्या डिलाइट आता त्या वयात आल्या आहेत. कुणाच्या वाड्यात अशी गाडी असेल, तर तारांचा जुडगा कापून फेकण्यापूर्वी त्याच्या रंगांची नोंद कागदावर करून ठेवा. ते रंग ओळखणारे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांच्या मुलांच्या हातात आता संगणकी स्कॅनर आहे, आणि तो खुपसायला डिलाइटमध्ये भोक नाही. असा एखादा म्हातारा मिस्त्री आपल्या माहितीत असेल, तर त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि शेजारी वही घेऊन बसा.

चिटणिसांनी वेळ संपल्याची खूण केली आहे. बाहेर पटांगणात एक डिलाइट आणून ठेवली आहे; तिची अर्थची पट्टी मी मुद्दाम ढिली केली आहे आणि टेस्ट लँप बॉनेटवर आहे. तरुण मंडळींनी आधी यावे. फक्त चोकच्या तारेला हात लावण्यापूर्वी मला विचारा.